शुगर आणि वजनाचं ऑपरेशन: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनाच्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर आहार सांभाळून देणं हे माझं काम. लातूर, बीड, परभणी, नांदेड, धाराशिव, हिंगोली, जालना, संभाजीनगर इथून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. गोळ्यांचा आणि इन्सुलिनचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. हे पान वाचून स्वतःहून काही बंद करू नका.

१. शुगरचं ऑपरेशन म्हणजे काय करतात? पोटावरची चरबी काढतात का?

नाही. चरबी ओढून काढण्याच्या ऑपरेशनला लायपोसक्शन म्हणतात आणि त्यानं शुगर सुधारत नाही. अमेरिकेतल्या २००४ च्या एका अभ्यासात बायकांच्या पोटावरची दहा किलोच्या आसपास चरबी काढली, तरी शरीरात इन्सुलिनचं काम होतं तसंच राहिलं.

इथं काम होतं जठरावर आणि आतड्यावर, तेही दुर्बिणीतून. स्लीव्ह या प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलीची पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात, म्हणजे अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच असतो.

२. ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशीच शुगर उतरली. वजन तर अजून तेवढंच आहे. हे कसं?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण या ऑपरेशनचं खरं मर्म त्यातच आहे.

पहिलं कारण सरळ आहे. खाणं एकदम थोड्यावर येतं. लिव्हरमध्ये साठलेली चरबी काही दिवसांत कमी होऊ लागते आणि लिव्हर रात्रभर रक्तात जी जास्तीची साखर सोडत असतं ती सोडणं आवरतं. त्यामुळं सकाळची उपाशीपोटीची शुगर आधी उतरते.

दुसरं कारण आतड्यात आहे. अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचलं की तिथून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक कितीतरी पटींनी जास्त सुटतं. ते स्वादुपिंडाला जेवणाच्या वेळेला इन्सुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. आज वजन आणि शुगरसाठी गाजत असलेली इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात (प्रश्न १६ पाहा). स्लीव्हमध्ये तर भूक लावणारं घ्रेलिन ज्या भागात जास्त तयार होतं, तो जठराचा भागच निघून जातो. पित्तरसाच्या वाटेत आणि आतड्यातल्या जिवाणूंतही बदल होतात.

वजन उतरतं ते पुढच्या वर्ष-दीड वर्षात. मग स्नायू आणि लिव्हर इन्सुलिनला पुन्हा नीट दाद देऊ लागतात आणि सुरुवातीला मिळालेला फायदा टिकतो.

३. शुगर कायमची जाते का? खरं सांगा.

खरं सांगते: कुणाकुणाची अनेक वर्षं जाते, कुणाची अर्धवट उतरते, आणि बऱ्याच जणांची काही वर्षांनी थोडीफार परत येते.

डॉक्टर याला रेमिशन म्हणतात. २०२१ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या ठरवली: शुगरची सगळी औषधं बंद करून किमान ३ महिने झाल्यावरही एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली. स्वीडनमध्ये अशा रुग्णांचा फार लांबवर पाठपुरावा झाला आहे. तिथं २ वर्षांनी ७२ टक्के लोक रेमिशनमध्ये होते, १० वर्षांनी ३६ टक्के आणि १५ वर्षांनी ३० टक्के. त्यातली बरीच ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, हे लक्षात घ्या. अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकनं १५० रुग्णांची तुलना केली. ५ वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली होतं बायपासच्या २९ टक्के, स्लीव्हच्या २३ टक्के आणि नुसत्या औषधोपचाराच्या ५ टक्के लोकांचं.

हे आकडे वाचून काही जण हिरमुसतात. पण उरलेल्यांचं काय झालं तेही बघा. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गोळ्या कमी झाल्या आणि कित्येकांची इन्सुलिनची सुई बंद झाली. डोळे, किडनी आणि नसांची हानी स्वीडनच्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये जवळपास निम्म्यावर आली.

४. माझं वजन किती असलं तर हे ऑपरेशन करता येतं?

नुसत्या किलोवर ठरत नाही, बीएमआयवर ठरतं. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. उंची १६५ सेंमी आणि वजन ९५ किलो असेल तर बीएमआय जवळपास ३५.

आपल्या लोकांना कमी वजनातच शुगर होते, कारण चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये साठते. म्हणून आशियाई लोकांसाठी मर्यादा खाली आणली आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार २७.५ च्या पुढे बीएमआय असेल तर ऑपरेशनचा विचार करता येतो. विचार करता येतो म्हणजे प्रत्येकानं करावंच असं नाही. २८ बीएमआय आणि एका गोळीवर शुगर ताब्यात असेल तर मी घाई करायला सांगणार नाही. ३६ बीएमआय, तीन गोळ्या आणि तरी एचबीए१सी ९ असेल तर मात्र टाळाटाळ करू नका असंच सांगेन. विम्याची मर्यादा वेगळी आहे, ती प्रश्न १७ मध्ये.

५. मला १५ वर्षांपासून शुगर आहे, इन्सुलिनच्या सुया चालू आहेत. आता उपयोग होईल का?

उपयोग होईल, पण औषधं पूर्ण सुटतील ही आशा कमी ठेवा.

शुगर जितकी जुनी, तितक्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी संपलेल्या असतात. थकलेल्या बैलाच्या मानेवरचं जू उतरवलं तर तो पुन्हा उभा राहतो. दावणीला बैलच उरला नसेल तर जू उतरवून काही होत नाही. किती पेशी शिल्लक आहेत याचा अंदाज सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीवरून येतो. वय, बीएमआय, सी-पेप्टाइड आणि शुगरची वर्षं या चारांवरून गुण काढायची पद्धतही सर्जन वापरतात. ऑपरेशन ठरवण्याआधी ही तपासणी मागून घ्या.

आपल्याकडची रीत उलटी आहे. आधी गोळ्या, मग पाहुण्यांनी सांगितलेला काढा, मग इन्सुलिन, आणि पायाला जखम झाली की ऑपरेशनची चौकशी. मला सर्वात जास्त वाईट याचंच वाटतं. ज्याला शुगर होऊन तीन-चार वर्षं झाली आहेत आणि जो अजून गोळ्यांवरच आहे, त्याला रेमिशनची संधी सर्वात मोठी असते, आणि तोच विचारायला येत नाही.

६. आमचे मालक बारीक आहेत, ५८ किलो. शुगर तीनशेच्या खाली येत नाही. त्यांचं ऑपरेशन करता येईल का?

नाही. बारीक माणसाची शुगर बऱ्याचदा इन्सुलिन कमी पडल्यामुळं वाढलेली असते. जठर लहान करून इन्सुलिन तयार होत नाही, उलट असलेलं मांस झडेल. त्यांना फिजिशियनकडे दाखवा, सी-पेप्टाइड करून घ्या आणि इन्सुलिन लागत असेल तर घाबरू नका. बारीक माणसाचं वजन आणखी उतरत असेल तर पोटाची सोनोग्राफी आणि टीबीची तपासणीही व्हायला हवी.

टाइप १ म्हणजे लहानपणापासूनची शुगर असलेल्यांनाही याच कारणानं इन्सुलिनची सुई बंद करता येत नाही. त्यांच्यापैकी कुणाचं वजन फार असेल तर ऑपरेशननं डोस कमी होतो, एवढंच.

७. स्लीव्ह करू की बायपास?

शुगरवर बायपासचा परिणाम थोडा जास्त आणि जास्त टिकाऊ. स्लीव्ह सोपी, जीवनसत्त्वांची कमतरता त्यात तुलनेनं कमी. आधीपासून छातीत फार जळजळ होत असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते, अशांना बायपास बरा. जन्मभर गोळ्या घेणं आणि तपासण्या करणं जमेल का, याचं प्रामाणिक उत्तर सर्जनला द्या. त्यावर निवड बरीच अवलंबून असते.

८. ऑपरेशनमध्ये माणूस दगावतो का?

पहिल्या ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनइतकंच. टाके गळणं, रक्तस्राव आणि पायात रक्ताची गाठ होणं हे सुरुवातीचे धोके. म्हणून त्याच दिवशी उठवून चालवतात. वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी काही महिने गोळी देतात. जिथं ही ऑपरेशनं नेहमी होतात, आयसीयू आहे आणि आहारतज्ज्ञ आहे, तिथंच करा.

९. ऑपरेशनच्या आधी काय तयारी लागते?

साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, जास्त प्रथिनांचा आहार देतात, म्हणजे सुजलेलं लिव्हर आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. या काळात खाणं कमी झालेलं असतं, तेव्हा इन्सुलिनचा जुना डोस तसाच घेतला तर शुगर एकदम खाली जाते. डोस आधीच कमी करून घ्या.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी थांबवायला लागतात. नाहीतर मीटरवर शुगर ठीक दिसत असताना रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. या औषधांची नावं कंपनीगणिक बदलतात, म्हणून गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या.

डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. बरीच वर्षं वाढलेली शुगर झपाट्यानं उतरली की आधीच खराब झालेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो.

आणि तंबाखू. बिडी, गुटखा, चुन्यातली चिमूट, मशेरी, सगळं बंद. धुरानं बायपासच्या जोडाला अल्सर होतो, जखम भरत नाही.

१०. ऑपरेशननंतर शुगर ९५ येते. गोळ्या बंद केल्या तर चालतील?

गोळी कोणती आहे, त्यावर ते ठरतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला रेटून इन्सुलिन काढायला लावतात. खाणं एवढंसं असताना त्या चालू ठेवल्या तर शुगर धोकादायक उतरते, म्हणून त्या बहुधा लगेच बंद होतात. इन्सुलिन झपाट्यानं कमी करतात. मेटफॉर्मिन बऱ्याचदा काही महिने चालू ठेवतात. पहिले काही आठवडे घरी मीटरवर दिवसातून तीन-चार वेळा शुगर बघून वहीत लिहा आणि त्या वहीवरून डॉक्टरांना ठरवू द्या. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच, चक्कर येत असेल तर त्या आधी तपासा.

११. भाकरी कधी खायला मिळेल? मी माळकरी आहे, अंडीसुद्धा चालत नाहीत.

पहिले साधारण दोन आठवडे पातळ: ताक, गाळलेलं वरण, प्रोटीन पावडर घातलेलं दूध. मग मऊ: घोटलेली मूगडाळ, दही, कुस्करलेलं पनीर. चार-सहा आठवड्यांनी वरणात कुस्करलेली पाव भाकरी, तीही ताटातली डाळ-पनीर संपल्यावर.

हा क्रम भल्याभल्यांना जड जातो. आपल्याकडं जेवण म्हणजे भाकरी, आणि बाकी सगळं तोंडी लावायला. ऑपरेशननंतर हे उलटं करावं लागतं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, केस मूठमूठ गळतात आणि शुगरवरचा ताबाही कमकुवत होतो. माळकऱ्यांनी सोया, पनीर, घट्ट दही, मोडाची मटकी, डाळी आणि पावडर यांवर ते जुळवायचं. जमतं. आणि एक गोष्ट नेमानं सांगते: ज्वारी गव्हापेक्षा बरी असली तरी तीही पिष्टच आहे. शुगरवाल्यानं भाकरी मोजूनच खावी.

जेवताना पाणी नको, अर्धा तास सोडून प्या. बी१२ शाकाहारी लोकांत आधीच कमी असतं, मेटफॉर्मिननं आणखी कमी होतं, त्यात ऑपरेशनची भर. म्हणून बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

१२. पोरांना सुट्ट्या आहेत म्हणून मे महिन्यात करावं का?

मी तरी दिवाळीनंतरचा काळ सुचवते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि नव्यानं लहान झालेल्या जठरात एका वेळी दोन-चार घोटच मावतात. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी जात नाही. पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं शरीर कोरडं पडणं हे एक मोठं कारण आहे. बायपासनंतर मूतखड्याचा धोकाही वाढतो, आणि मूतखडे आपल्या भागाला नवे नाहीत. डॉक्टरांनी लवकर करायला सांगितलं असेल तर उन्हाळ्यातही होतं, पण बाटली हातातून सुटता कामा नये.

१३. एकादशी, नवरात्र, रोजे धरता येतील का?

पहिलं वर्ष-दीड वर्ष नाही. त्यानंतर विचारून.

तुळजाभवानीचे नऊ दिवस धरणाऱ्यांना मी उठता-बसता करायला सांगते, तेही डॉक्टरांनी होकार दिल्यावर आणि शुगर पाडणाऱ्या गोळ्या बंद असतील तरच. साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट, त्यानं प्रश्न १४ मधला त्रास होतो. थोडी भगर आणि शेंगदाण्याची घट्ट आमटी त्यापेक्षा बरी, सोबत दही-पनीर. रोज्यात दिवसभर पाणीही नसतं, तेव्हा उन्हाळ्यातल्या रमजानला जास्त जपा. आजाऱ्याला सवलत धर्मातच आहे, ती घ्यायला संकोच करू नका.

१४. बायपासला दीड वर्ष झालं. जेवणानंतर दोन तासांनी दरदरून घाम येतो, हातपाय कापतात. शुगर परत आली का?

बहुधा उलटं आहे, शुगर खाली जाते आहे. त्या क्षणी मीटर लावा. गोड किंवा पिष्टमय अन्न भसकन आतड्यात उतरतं, शुगर उसळते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांत शुगर कोसळते. आमरस, उसाचा रस, मोसंबीचा ज्यूस, लग्नातली जिलेबी ही नेहमीची कारणं. जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात कळ, जुलाब, धडधड होत असेल तर तो वेगळा प्रकार, डंपिंग. तोही गोडानंच होतो.

शुगर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, आणि शुगर वर आल्यावर पनीर किंवा मूठभर शेंगदाणे खा. नुसता ज्यूस पिऊन थांबलात तर पुन्हा तेच चक्र सुरू होतं. वारंवार होत असेल, भोवळ येत असेल, तर गाडी आणि ट्रॅक्टर चालवणं थांबवून डॉक्टरांना भेटा, यावर औषध आहे. ऑपरेशननंतर दारूही फार लवकर चढते आणि शुगर पाडते.

१५. मला मूल हवं आहे. किती थांबू? आणि तो साखरेचं पाणी पिऊन करायचा टेस्ट?

१२ ते १८ महिने थांबा. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि आधी राहत नसलेला गर्भ अचानक राहतो, म्हणून गर्भनिरोधनाची सोय आधीच करा. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा नको.

गरोदरपणातली शुगर बघायची ही साखरेच्या पाण्याची तपासणी बायपास झालेल्या बाईची करू नये, डंपिंग होतं आणि निकालही फसवा येतो. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांत आठवडाभर घरी जेवणाआधी आणि नंतर शुगर मोजतात. दवाखान्यात स्वतःहून सांगा, ऑपरेशनचे व्रण बारीक असतात, कुणाच्या लक्षात येत नाहीत. एचबीए१सीवरही अशा वेळी विसंबू नका. रक्तात लोह कमी असेल तर ते खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं.

१६. आता इंजेक्शनं आली आहेत, मग ऑपरेशन कशाला?

टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात आलं. औषधं खरोखर चांगली आहेत. शुगर नसलेल्यांचं वजन चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडनं सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं २० टक्क्यांच्या आसपास उतरलं. शुगर असलेल्यांचं त्याहून कमी उतरतं. ऑपरेशननं २५ ते ३० टक्के. इंजेक्शन थांबवलं की वजन बऱ्याच अंशी परत येतं, म्हणजे खर्च वर्षानुवर्षांचा. बीएमआय ३० च्या आसपास असेल तर आधी इंजेक्शन करून बघणं शहाणपणाचं. इंजेक्शन चालू असताना कोणतंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, जठर सावकाश रिकामं होत असतं.

१७. विमा मिळतो का?

विमा नियामकाच्या नियमानुसार बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात नसलेली टाइप २ शुगरसारखा गंभीर आजार, वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि आधीचे साधे उपाय फसलेले, अशा अटी आहेत. त्या पुऱ्या होत नसतील तर विमा कंपनी लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा खर्च नाकारू शकते. १५५ सेंमी उंचीच्या बाईला वैद्यकीय मर्यादा ६६ किलोला लागते आणि विम्याची ८४ किलोला. मधल्या बायकांना पदरचे पैसे घालावे लागतात, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी तपासा. सरकारी योजनेबद्दल त्या योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा.

१८. तीन वर्षं शुगर नव्हती, आता एचबीए१सी ७.१ आलं. ऑपरेशन वाया गेलं का?

नाही. एका मोठ्या अमेरिकी पाहणीत रेमिशन मिळालेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांची शुगर ५ वर्षांत परत आली होती. पण शुगरविना गेलेलं प्रत्येक वर्ष डोळ्यांच्या आणि किडनीच्या खात्यावर जमा राहतं. लगेच गोळी सुरू करा, लाजून लपवू नका. वजन वाढलं आहे का, चहात साखर परत आली आहे का, कुठल्या दुखण्यासाठी स्टेरॉइड घेतलं आहे का, ते बघा. शुगर नसलेल्या काळातही वर्षातून एकदा एचबीए१सी, लघवीतली प्रथिनं आणि डोळे तपासायचेच असतात.

१९. ऑपरेशन पुण्यात झालं, राहायला गावात. इथल्या डॉक्टरांना काय सांगू?

एक चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवा: ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा फोन. त्याखाली चार गोष्टी.

बायपास झाला असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या-सुया नकोत, जोडाला अल्सर होतो, पॅरासिटामॉल चालतं.

दिवसेंदिवस उलट्या होत असतील तर नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावू नये. आधी थायमिन, म्हणजे बी१, शिरेतून द्यावं. शरीरात बी१ संपलेलं असताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नजर दुहेरी होणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं.

ऑपरेशनच्या पहिल्या महिन्यात ताप, पोटदुखी आणि नाडी १२० च्या वर असेल तर टाका गळत असल्याचं समजून त्याच दिवशी सर्जनकडे पाठवावं.

बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात कळा येऊन जात असतील तर त्याला ॲसिडिटी म्हणून सोडू नये. आतडं आत अडकलेलं असू शकतं, सीटी स्कॅन लागतो, आणि साध्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही.